तिसरा उद्गार आणि रात्रपाळी

पत्राचा सारांश (नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत):

पत्र लिहिणाऱ्या ताई एक्कावन्न वर्षांच्या. एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स, निवृत्तीला सात वर्षं बाकी. दीड वर्षापूर्वी एकोणऐंशी वर्षांच्या सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ बंद झालं. जेवण नळीतून, रात्रंदिवस डायपर, दर दोन तासांनी कूस बदलायची. घरात नवरा आणि कॉलेजात शिकणारा मुलगा. दोन दीर त्याच शहरात, नणंद दुसऱ्या गावी. धाकटे दीर मंडळीच्या (चर्चच्या) कमिटीवर आहेत. 'वहिनी नर्स आहेत, त्यांना सवय आहे' या एका वाक्यावर सगळं ताईंकडे आलं. दिवसा एक बाई येते, रात्र ताईंची. त्यासाठी रुग्णालयात विनंती करून त्यांनी तिथली रात्रपाळी बंद करून घेतली आहे. नवरा आता म्हणतो, नोकरीच सोड, प्रभू पाहून घेईल.

येत्या गुड फ्रायडेच्या तीन तासांच्या उपासनेत येशूनं वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर एकेक जण बोलणार आहे. पाळकसाहेबांनी यंदा ताईंना तिसरा उद्गार दिला: 'बाई, पाहा, हा तुझा मुलगा' आणि 'पाहा, ही तुझी आई'. वर म्हणाले, तुमचं जीवन हाच उपदेश आहे. (दरवर्षी एक उद्गार घेणाऱ्या धाकट्या दिरांना यंदा मिळाला नाही, त्यावरून घरात थोडी कुरबूरही आहे.) त्याच आठवड्यात पहाटे सव्वातीनला चादर बदलताना सासूबाईंनी डाव्या हातानं ताईंचं मनगट घट्ट धरलं. ताईंनी हात झटकला, तो पलंगाच्या कठड्यावर आपटला. जखम झाली नाही. 'पण त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती जात नाही,' असं त्या लिहितात. 'आता सुटल्या तर बरं, असंही मनात येतं. ज्यानं माझ्यासाठी प्राण दिला, त्याच्यासाठी मला एवढंही प्रेमानं करता येऊ नये? मी त्या उद्गारावर कोणत्या तोंडानं बोलू? आणि नोकरी सोडू का?'

सलाम ताई,

चार पानांच्या पत्रात तुम्ही नेमकी वेळ एकाच प्रसंगाची दिली आहे. सव्वातीन. झटका कधी आला, ते 'दीड वर्षापूर्वी' एवढ्यावर उरकलंत. नवरा नोकरी सोड कधी म्हणाला, तेही नाही. हात झटकल्याची वेळ मात्र घड्याळ पाहून लिहिल्यासारखी आहे. वॉर्डात काही चुकलं की तुम्ही लोक लिहून काढता ना, किती वाजता, काय घडलं, कोण हजर होतं, तसा तुम्ही स्वतःविरुद्धच रिपोर्ट लिहिला आहे.

मग तो पूर्ण करू या. कोण हजर होतं? तुम्ही आणि सासूबाई. पलीकडच्या खोलीत त्यांचा सख्खा मुलगा झोपलेला होता. तुम्ही कधीपासून जाग्या होता? पत्रातल्या इतर ओळी जोडून पाहिलं, तर सकाळी साडेपाचपासून. मधे दुपारची ड्युटी, रात्री दहाला घर, बाराला एकदा कूस, आणि मग सव्वातीन. म्हणजे जवळजवळ बावीस तास. तुमच्या हाताखालची एखादी मुलगी बावीस तास जागी राहून पेशंटवर खेकसली असती, तर तुम्ही तिला काय विचारलं असतं? 'तुझं प्रभूवर प्रेम आहे का?' असं नक्कीच नाही. 'तुला एवढी ड्युटी लावली कुणी?' हेच विचारलं असतं.

याचा अर्थ झालं ते सोडून द्या, असा नाही. या वयात कातडी कागदासारखी होते, तुम्हाला मी काय सांगणार. ज्या माणसाला तक्रार करता येत नाही, त्याच्या बाबतीत घडलेली लहान गोष्ट लहान नसते. पुढच्या वेळी आपटलेला हात वाचेलच असं नाही. म्हणून एक गोष्ट पक्की समजा: यापुढं सलग रात्री एकट्यानं काढायच्या नाहीत. हे तुमच्यासाठी जेवढं आहे, तेवढंच सासूबाईंसाठी आहे.

आणि एक विचारते. प्रभूची क्षमा मागितली, रडले, असं तुम्ही लिहिलं आहे. सासूबाईंची मागितलीत का? डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. तुमचं शुक्रवारचं बोलणं हे अर्पणच आहे. त्याआधी त्यांच्या डाव्या बाजूला, त्यांना दिसाल अशा बसा. तो हात हातात घ्या आणि म्हणा, 'आई, त्या रात्री माझं चुकलं.' बोलणं गेलेल्या माणसाला पुष्कळदा सगळं समजत असतं, फक्त शब्द सापडत नाहीत. कदाचित त्या रडतील. कदाचित नुसत्या बघत राहतील. त्यांनी तुमचं मनगट का धरलं होतं, हे तुम्ही पत्रात कुठंच लिहिलेलं नाही, म्हणून सुचवते. दुखलं असेल, पडायची भीती वाटली असेल, किंवा काही सांगायचं असेल. तेही विचारून बघा, हो-नाहीच्या खुणेनं.

'सुटल्या तर बरं' याबद्दल. वर्षानुवर्षं उशा-पायथ्याला बसलेल्या माणसांच्या मनात हे येतं. तोंडानं कोणी बोलत नाही, एवढंच. माझ्या वडिलांच्या शेवटच्या वर्षात मीही हे म्हटलं आहे, स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्टीच्या आवाजात. त्यांच्या दफनाच्या वेळी सगळे म्हणाले, 'सेवा करावी तर हिच्यासारखी.' त्यांना कुठं माहीत, मी बाबांचे पाय पुसताना मनात भावाला कायकाय बोलायचे. एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून म्हणाला होता, पुरे झालं, माझा जीव घे. देवानं त्याला काय पाठवलं? प्रवचन नाही. आधी झोप, मग भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो पुन्हा झोपला, तर पुन्हा उठवून खायला घातलं. बोलणं त्यानंतर झालं, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर, होरेब डोंगरावर. तुम्ही आधी झोपा. आणि झोपेनंही हे मळभ जात नसेल, किंवा 'सुटल्या तर' च्या जागी 'मीच संपवते' असं काही मनात येत असेल, मग ते त्यांच्याबद्दल असो वा स्वतःबद्दल, तर उपासनेची, प्रवचनाची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं. नर्सनं फोन करू नये असं कुठं लिहिलेलं नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. 'ज्यानं माझ्यासाठी प्राण दिला, त्याच्यासाठी मला एवढंही...' हे वाक्य आपल्या मंडळ्यांमध्ये फार फिरतं. वर्गणी मागताना, महिला मंडळाचा स्वयंपाक वाटून देताना, सुनेला समजावताना. मी ते ऐकत ऐकत मोठी झाले आणि खूप वर्षं मला त्यात काही खटकलं नाही. मग एकदा लक्षात आलं की त्याची चाल सावकाराच्या वहीसारखी आहे. गुलगुथ्यावर, म्हणजे येशूला वधस्तंभी दिलं त्या जागी, जणू तुमच्या नावे रक्कम मांडली गेली आणि आता ती हप्त्यानं वसूल चालली आहे. मात्र शुभवर्तमानाची गोष्ट नेमकी उलट आहे ना? फेडता येणार नाही असं काहीतरी फुकट मिळालं, ही ती बातमी. इब्री लोकांस पत्रात तर एकाच शब्दावर भर आहे: 'एकदाच'. तो यज्ञ एकदाच झाला, पुन्हा करायची गरज नाही. तारणाऱ्याची जागा भरलेली आहे, ताई. तुमच्या घरात ती रिकामी आहे असं समजून सगळ्यांनी तुमचा अर्ज परस्पर भरून टाकला आहे.

त्याच्या त्यागात आणि तुमच्या आजच्या परिस्थितीत मला एक मोठा फरक दिसतो. योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी आपण होऊन तो देतो. 'आपण होऊन' हे महत्त्वाचं. तुम्हाला कोणी विचारलं होतं? पत्रात तो प्रसंग शोधला, सापडला नाही. दवाखान्यातून डिस्चार्ज मिळाला, अँब्युलन्स तुमच्या दारात लागली आणि मोठे दीर म्हणाले, 'वहिनी आहेत म्हणून काळजी नाही.' बस.

रूथची गोष्ट आपल्याकडे लग्नात वाचतात, नव्या सुनेकडे बघत. 'तू जाशील तिथं मी येईन.' पण ते बोलणं सुनेनं सासूशी केलेलं आहे आणि त्याआधी नामीनं दोन्ही सुनांना पुन्हापुन्हा सांगितलं होतं, बायांनो, आपापल्या माहेरी जा. अर्पा रडली, सासूचा मुका घेतला आणि गेली. पवित्र शास्त्र तिला एक वाईट शब्द बोलत नाही. रूथ राहिली त्याला मोल आहे, कारण दार उघडं होतं.

वेठीचंही उदाहरण त्याच शुक्रवारचं आहे. कुरेनेकर शिमोन शेतावरून येत होता, शिपायांनी त्याला धरलं आणि वधस्तंभ त्याच्या खांद्यावर दिला. आपल्या मराठी शास्त्रात तिथं शब्दच 'वेठीस धरले' असा आहे. त्यानं ते ओझं खरंच वाहिलं. तरी त्याला कोणी त्यागी म्हटलेलं नाही. आणि याच गोष्टीची दुसरी बाजू अशी की मत्तय, मार्क, लूक तिघांच्याही सांगण्याप्रमाणे त्या वाटेवर प्रभूचा वधस्तंभ काही अंतर दुसऱ्या माणसानं वाहिला. (योहान म्हणतो, तो स्वतःच वाहत गेला, शिमोनाचं नाव तो घेत नाही.) ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर गेलं म्हणून तारण कमी पडलं, असं आजवर कोणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

एक बारीकशी गोष्ट. 'हा माझा वधस्तंभ आहे,' असं तुम्ही सासूबाईंबद्दल दोनदा लिहिलं आहे. बोलताना आपण सगळेच म्हणतो. तरी हे वाक्य त्यांच्या खोलीत म्हणू नका. ज्या बाईनं तीन मुलगे आणि एक मुलगी वाढवली, तिला आपण कोणाचा तरी लाकडी खांब झालो आहोत हे ऐकू जाऊ नये. ओझं आहे ते कामाचं आणि त्याच्या वाटणीचं. त्या माणूस आहेत.

आता येऊ तिसऱ्या उद्गाराकडे. पाळकसाहेबांनी तो तुम्हाला का दिला, हे उघड आहे. सून सासूला सांभाळते, 'ही तुझी आई', जमलं. मला मात्र वाटतं, त्यांच्या नकळत त्यांनी योग्य माणसाच्या हातात योग्य उद्गार दिला आहे. तो पुन्हा वाचा, पण सून म्हणून नको, नर्स म्हणून वाचा. मरणाच्या वाटेवर असलेला एक मुलगा आहे. त्याला एकेक श्वास जड आहे. समोर आई उभी आहे, तिची मावशी-बहिणीसारखी माणसं आहेत, शेजारी एक शिष्य आहे. तो आईला म्हणतो, पाहा, हा तुझा मुलगा. मग शिष्याकडे वळून म्हणतो, पाहा, ही तुझी आई. आणि योहान लिहितो की तेव्हापासून त्या शिष्यानं तिला आपल्या घरी ठेवून घेतलं. याला तुमच्या भाषेत काय म्हणतात?

हॅन्डओव्हर.

आणि तोही पलंगापाशी उभं राहून, नियमाप्रमाणे. घेणाऱ्याला सांगितलं, तसं ज्याची काळजी घ्यायची तिलाही सांगितलं. नाव घेऊन, समोरासमोर, दोन्ही बाजूंनी. 'तुम्ही सगळे मिळून आईकडे बघा बरं का' असं मोघम काही नाही. कारण सगळे मिळून म्हणजे शेवटी कोण, हे तुमच्या घरानं दीड वर्षात दाखवून दिलंच आहे.

ज्या त्यागाचा दाखला देऊन तुम्हाला एकटीला राबवलं जातं, त्या त्यागाच्या ऐन मध्यावर, खिळे ठोकलेल्या अवस्थेत, प्रभू आईची काळजी दुसऱ्याच्या हवाली करतो. त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. उलट तेच त्याचं प्रेम होतं. शिफ्ट संपताना तुम्ही पेशंट दुसऱ्या सिस्टरच्या हवाली करता, तेव्हा पेशंटवरची माया आटली असं होतं का? हॅन्डओव्हर न देता निघून जाणं हा गुन्हा. आणि हॅन्डओव्हर घ्यायला कुणीच न येणं हा कोणाचा गुन्हा, ते तुम्हीच ठरवा.

येशूचे भाऊ तिथं का नव्हते, यावर विद्वान खूप लिहितात. मार्क चार भावांची नावं देतो. ते सख्खे की चुलत-मावस, यावर आपलं आणि कॅथलिक मंडळींचं पटत नाही, तो वाद इथं नको. कोणी का असेनात, आई गेली ती हजर असलेल्या माणसाच्या घरी. म्हणून पुढं जो कागद करायला सांगणार आहे, त्यात रक्ताच्या नात्याबाहेरची नावंही चालतील.

तर कागदाकडे. आपण पंडिता रमाबाईंचा फोटो लावतो आणि त्यागमूर्ती म्हणून हात जोडतो. त्यांनी काम कोणत्या क्रमानं केलं, तेही बघावं. १८८७ मध्ये बॉस्टनला त्यांच्या नावानं असोसिएशन उभी राहिली आणि तिनं दहा वर्षं पैसा पुरवण्याचं वचन दिलं. मुंबईत शारदा सदन, विधवांसाठीचं घर आणि शाळा, उघडलं ते १८८९ मध्ये. आधी माणसं बांधली, वचन घेतलं, मग घर उघडलं. तुमच्या घरात क्रम उलटा झाला. तो अजून सुधारता येतो.

इस्टरनंतर नाही, त्याआधीच्या एखाद्या संध्याकाळी दोन्ही दीर, जावा आणि तुमचे यजमान यांना बोलवा, नणंदेला फोनवर घ्या. बैठक सासूबाईंच्या खोलीत नको. बोलावणं यजमानांनी करावं, त्यांची आई आहे. 'मला जरा मदत करा' हे शब्द वापरू नका. मदत म्हटलं की काम तुमचं ठरतं. वॉर्डाच्या ड्युटी चार्टसारखा कोरा तक्ता पुढं ठेवा: सात रात्री, प्रत्येकीपुढं एक नाव. सोमवार कोण, मंगळवार कोण. यजमानांच्या दोन रात्री पहिल्या लिहा. 'पुरुषाला आईचं डायपर कसं जमेल' हा संकोच खरा आहे, सासूबाईंनाही असू शकतो, त्यांना विचारा. त्यांनी मान हलवून नको म्हटलं तर त्या रात्री डायपरच्या वेळी तुम्हाला किंवा जावेला उठवावं लागेल. कूस बदलणं, नळीतून पाणी देणं, औषधं यांत मात्र संकोचाचं काहीच नाही. तुम्ही नव्या मुलींना शिकवता तसं शिकवा. पहिल्या दिवशी चुकतील, हात अवघडेल. शेजारी बसून बघा, हातातून काम काढून घेऊ नका. हे तुम्हाला सगळ्यात कठीण जाईल, असं मला वाटतं. चांगल्या नर्सला दुसऱ्याचं काम बघवत नाही.

ज्याला येणं जमत नाही, त्यानं त्या रात्रीचे पैसे द्यायचे. ब्युरोची बाई बारा तासांचे किती घेते, ते आधी विचारून ठेवा आणि आकडा कागदावर लिहा. आकडा लिहिला की चर्चा भक्तीवरून हिशेबावर येते आणि ते बरं असतं. कोणी म्हणेलच, आईच्या सेवेत पैशाचं काय काढता? तेव्हा त्यांना योहानाचं ३:१६ विचारा. शुभवर्तमानातलं सगळ्यांना पाठ असतं. मग योहानाच्या पहिल्या पत्रातलं ३:१६ विचारा. त्यानं आपल्यासाठी प्राण दिला, म्हणून आपणही बंधूंसाठी प्राण द्यायला हवा, असं तिथं आहे. केवढं मोठं वचन! आणि लगेच पुढच्या ओळीत विषय कुठं येतो? ज्याच्याजवळ संसाराची साधनं आहेत आणि भावाची गरज दिसत असूनही जो कळवळा येऊ देत नाही, त्याच्यात देवाची प्रीती कशी राहील? प्राणावरून थेट पैशाअडक्यावर. प्राण द्यायची वेळ बहुतेकांवर येतच नाही. डायपरचं पाकीट आणायची येते.

धाकट्या दिरांसाठी मार्काचा सातवा अध्याय आहे, पण तो त्यांना वाचून दाखवू नका, भांडण होईल. काही लोक आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेलं, असं म्हणून मोकळे होत आणि त्यावर येशू चांगलाच तापला होता. कमिटीची मीटिंग आहे म्हणून आईकडे यायला जमत नाही, हे त्याच जातीचं. हा अध्याय आपल्या सगळ्यांसाठी आहे हो. मीही उपासनेच्या तयारीच्या नावाखाली बाबांच्या खोलीतून कितीदा सटकले आहे.

पाळकसाहेबांना एक निरोप द्या. महिला मंडळ प्रार्थनेला येतं, पंधरा मिनिटं थांबतं आणि चहा तुम्हाला करावा लागतो. यापुढं दोघीदोघींनी यावं, दोन तास बसावं, चहा स्वतः करून घ्यावा आणि त्या वेळात तुम्ही आतल्या खोलीत दार लावून झोपाल. प्रार्थना त्यांनी सासूबाईंच्या उशाशी बसून करावी. हे सांगायला तुम्हाला जड जाईल हे कळतं. माझ्या या उत्तराची फोटोकॉपी दिलीत तरी चालेल.

नोकरी? माझं मत स्पष्ट आहे. आत्ता सोडू नका. सात वर्षांचा पगार, फंड, ग्रॅच्युइटी हे आहेच, पण तेवढंच नाही. तुमच्या आयुष्यातली ही एकच जागा अशी आहे जिथं शिफ्ट संपते, जिथं तुमच्यानंतर दुसरी सिस्टर येते, जिथं कोणी तुम्हाला 'सिस्टर, दमलात का?' विचारतं. ती गेली की सव्वातीनची वेळ रोज येईल. फारच अडलं तर बिनपगारी रजा मागून बघा, महिना-दोन महिने, तक्ता बसेपर्यंत. 'प्रभू पाहून घेईल' असं यजमान म्हणतात, तेव्हा त्यांना प्रेमानं विचारा की प्रभूनं पाहायला तुम्हालाच पाठवलं असेल तर? नोकरी कोणी सोडायची हा प्रश्न त्यांच्या नोकरीबद्दल एकदाही निघालेला नाही, असं पत्रावरून दिसतं.

एक माहिती देऊन ठेवते, धमकीसाठी नव्हे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे. त्यात 'मुलं' कोण, तर मुलगा, मुलगी, नातू, नात. सुनेचा त्यात उल्लेख नाही. म्हणजे तक्त्यावर तुमचं नाव असेल, तर ते तुमच्या मायेमुळे. आणि माया आहे, हे चार पानं सांगतातच. नसती तर त्या नजरेनं तुमची झोप उडवली नसती.

शुक्रवारी बोलायचं की नाही? तीन पर्याय दिसतात. नकार देऊ शकता, त्यात पाप नाही. नेहमीसारखं बोलू शकता, 'आईवडिलांची सेवा करा' वगैरे. लोक मान डोलावतील आणि तुम्ही घरी येऊन आणखी कोमेजाल. तिसरा मार्ग मला आवडतो. वर लिहिलं ते तुमच्या शब्दांत सांगा. वॉर्डातला हॅन्डओव्हर कसा होतो, सात वाजता, पलंगापलंगापाशी, ते पाच मिनिटं सांगा. मंडळीतल्या अर्ध्या घरांत कोणी ना कोणी नर्स आहे, त्यांना लगेच कळेल. मग वधस्तंभाखाली या. सव्वातीनचा प्रसंग मात्र सांगू नका. तुमची लाज हे त्याचं कारण नाही. ती गोष्ट सासूबाईंचीही आहे आणि त्यांना विचारल्याशिवाय ती व्यासपीठावर नेता येत नाही. 'दमलेल्या हातांकडून चूक होते' एवढं वाक्य पुरे. ज्यांच्या घरी पलंग आहे, ते समजतील.

ही तीन तासांची उपासना फार जुनी असेल असं आपल्याला वाटतं. तिची सुरुवात पेरू देशातल्या लिमा शहरात, आलोन्सो मेसिया नावाच्या जेझुइट पाद्र्यानं केली असं सांगतात. म्हणजे प्रेषितांच्या काळापासून चालत आलेलं काही नाही, बाराला सुरू करून तीनला संपवायचं हे माणसांनीच ठरवलं. तेव्हा तुम्ही दहा मिनिटांत आटोपलंत तरी कोणी रागावणार नाही. एप्रिलमध्ये, पत्र्याखाली, तिसऱ्या उद्गारापर्यंत लहान मुलं रडायला लागलेली असतात.

तुमचा उद्गार साधारण एकच्या सुमारास येईल. तरी तीनपर्यंत थांबा, शेवटच्या गीतापर्यंत, पहिल्या बाकावर, घड्याळ न बघता. सासूबाईंची कूस बदलायची वेळ दोनची. तक्त्यात शुक्रवार दुपार दोन अशी एक चौकट करा आणि तिथं धाकट्या दिरांचं नाव लिहा. यंदा त्यांच्याकडे उद्गार नाही, असं तुम्हीच कळवलं आहे.